छोट्या शेजारी देशांना आपसातल्या व्यापार करारांचा खरंच फायदा होतो का?

होतो, पण बहुतेकांना वाटतं तिथे नाही. आपण आधी आपसातल्या मालविक्रीकडे बघतो, आणि ती बऱ्याचदा कमीच असते. कॅरिबियन बेटांचंच बघा. 1973 च्या शागुआरामस करारातून 'कॅरिकॉम' हा तिथल्या देशांचा व्यापारी गट उभा राहिला. पण पूर्वेकडच्या बऱ्याच बेटांवर पिकं सारखी, पर्यटन सारखं. मग एकमेकांना विकणार काय? त्यात जहाजाचं भाडंही महाग.

खरी कमाई खर्च वाटून घेण्यात आहे. पूर्व कॅरिबियनमधल्या आठ प्रदेशांचं (त्यातले सहा स्वतंत्र देश) चलन एकच आहे. सेंट लुसियात खिशात उरलेली नोट ग्रेनाडात तशीच चालते. मध्यवर्ती बँकही सगळ्यांची मिळून एक, आणि 1976 पासून एका अमेरिकन डॉलरला 2.70 पूर्व कॅरिबियन डॉलर (म्हणजे हेच चलन) हा दर टिकून आहे. एकट्या बेटाला हे फार जड गेलं असतं.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती औषधांची एकत्रित खरेदी. काही हजार रुग्णांसाठी कंपनी भाव कशाला कमी करेल? पण सगळ्या बेटांची मागणी एकाच निविदेत गेली की तीच कंपनी भाव उतरवते. 1980 च्या दशकापासून हे चालू आहे आणि त्याचा फायदा थेट सरकारी दवाखान्यातल्या रुग्णापर्यंत पोहोचतो.

अडचण जकातीची. छोट्या देशांचा बराच महसूल आयात शुल्कातून येतो; ते सोडायचं तर दुसरा कर आधी बसवावा लागतो. करार रखडतात ते बहुधा इथेच.