गावची हवा, शहरची हवा आणि दमा

प्रश्न : शहरात आल्यापासून मुलाचा दमा वाढलाय. घर अगदी हमरस्त्याला लागून आहे. गावी परत गेलो तर बरा होईल का?

उत्तर : रस्त्याचा हात असणार. डिझेलच्या धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडमुळे श्वासनलिकांची सूज वाढते आणि २.५ मायक्रोमीटरहून बारीक कण फुप्फुसात खोलवर उतरतात. पण हा मारा रस्त्यापासून काहीशे मीटरवर बराच ओसरतो. म्हणून बिऱ्हाड हलवण्याआधी मुलाची झोपायची खोली मागच्या बाजूला न्या, गर्दीच्या वेळी रस्त्याकडच्या खिडक्या लावून घ्या, शाळेत आतल्या गल्ल्यांमधून न्या. तेवढ्यानेही फरक पडतो.

गावी धूर कमी असेल, पण श्वासनलिकांना त्रास देणारा ओझोन वायू कमी असेलच असे नाही. वाहनांच्या धुरावर ऊन पडले की तो तयार होतो, वाऱ्याबरोबर शहराबाहेर जातो आणि कधी कधी शहरापेक्षा तिथेच जास्त साठतो. कडक उन्हाच्या दुपारी मुलाला धावायला लावू नका, मग गाव असो वा शहर. आणि ‘इथली हवा छान आहे’ म्हणून रोजचा स्टेरॉइडचा पंप परस्पर बंद करू नका. सुट्टीत गावी गेलेली मुले धापा टाकत परत येतात ती बहुधा याच कारणाने.

प्रश्न : शेतावर वाढलेल्या मुलांना दमा होत नाही म्हणतात. खरे का?

उत्तर : होत नाही असे नाही, कमी होतो, तोही सगळ्याच शेतांवर नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या दोन शेतकरी समाजांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आमिश आणि हटराइट यांचे मूळ एकाच भागातले, आनुवंशिकताही मिळतीजुळती. आमिश मुलांमध्ये दमा सुमारे ५ टक्के, हटराइट मुलांमध्ये २१ टक्के. आमिशांचे गोठे घराला लागून, मुले लहानपणापासून तिथेच बागडणारी. हटराइटांची शेती मोठी, यंत्रांवरची आणि घरापासून लांब. आमिशांच्या घरातल्या धुळीत जिवाणूंचे अंश कितीतरी जास्त सापडले. लहान वयात त्यांची ओळख झाली की प्रतिकारशक्ती उगाच बिथरत नाही, असा त्याचा अर्थ लावतात. मात्र दमा जडलेल्या माणसाने हे औषध समजून गोठा झाडायला घेऊ नये. बुरशी लागलेला कडबा आणि धान्याची धूळ यांनी त्याचा दमा उसळतोच.

प्रश्न : आईने कधी सिगारेट ओढली नाही, गावात गाड्याही नाहीत. तरी तिला धाप लागते.

उत्तर : स्वयंपाक लाकडावर किंवा गोवऱ्यांवर होतो का, ते आधी पाहा. बंद खोलीतला तो धूर वर्दळीच्या रस्त्यालाही मागे टाकतो आणि रोज काही तास थेट तोंडावर येतो. इंधन बदलता आले तर उत्तम. नाहीतर धुराडे बसवा, चूल उघड्यावर आणा. मात्र तो दमाच आहे असे धरून चालू नका. वर्षानुवर्षांच्या धुराने सीओपीडी हा श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा वेगळा आजार होतो, त्याचे उपचारही थोडे वेगळे. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणारी तपासणी, करून घ्या.

प्रश्न : पावसाने हवा धुऊन निघते ना? मग मला वादळातच त्रास का होतो?

उत्तर : साध्या पावसाने निघते. गडगडाटी वादळात मात्र गवताचे परागकण वर ढगात खेचले जातात, ओल लागून फुटतात आणि त्यांचा चुरा गार वाऱ्याबरोबर खाली येतो. अख्खा परागकण नाकात अडतो, चुरा फुप्फुसात जातो. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी मेलबर्नमध्ये अशा एका वादळानंतर हजारो लोक रुग्णालयांत धावले, दहा जण दगावले. त्यातल्या कित्येकांना आधी दम्याचे निदानच नव्हते, फक्त परागकणांनी शिंका येत. तुम्हालाही तसे होत असेल तर वादळाच्या आधी घरात या, खिडक्या लावा, तातडीचा पंप हाताशी ठेवा.

प्रश्न : मास्क आणि हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यावे का?

उत्तर : चेहऱ्याला नीट चिकटणारा एन-९५ कण अडवतो, वायू नाही. यंत्र घ्यायचे तर हेपा, म्हणजे अतिबारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचे, आणि झोपायच्या खोलीपुरते. ओझोन सोडणारे यंत्र फुकट मिळाले तरी घरात आणू नका.