लिनक्स टाकण्याआधी रॅम तपासा

लॅपटॉप हँग होतो म्हणून लगेच विंडोज उडवून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकू नका. आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, मेमरीचा आकडा बघा. रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, ४ जीबी असेल तर विंडोज १० आणि ब्राउझरचे आठ-दहा टॅब एवढ्यातच ती भरते. मग मशीन डिस्कवरची जागा मेमरी म्हणून वापरायला लागतं, आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर बसा वाट बघत.

निळी स्क्रीन येते, फाइली आपोआप खराब होतात, असं असेल तर दुखणं वेगळं. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एरर आली तर रॅमची एकेक पट्टी काढून, स्लॉट बदलून पुन्हा तपासा. खराब रॅमवर लिनक्सही कोसळणारच.

रॅम धड निघाली तर ८ जीबी करा, फिरत्या डिस्कऐवजी वेगवान एसएसडी बसवा. (काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, आधी विचारा.)

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, जुन्या मशीनमध्ये ती बहुधा नसते. म्हणून जुन्या मशीनला लिनक्स मिंट एक्सएफसीई ही लिनक्सची हलकी आवृत्ती चांगली. पण टॅली किंवा श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) अशा विंडोजवरच्या सॉफ्टवेअरवर तुमचं पोट असेल तर माझ्या मते विंडोज सोडूच नका. बाकीच्यांनी आधी लिनक्स पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून वायफाय, प्रिंटर आणि मराठी टायपिंग बघावं. ब्राउझर मात्र तिकडेही भरपूर रॅम खातो.