उंदरांवर ‘किरणोत्सर्ग केला’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे: कर्करोगावरच्या प्राणिप्रयोगांची माहिती मराठीत लिहिताना ‘उंदरांवर १० ग्रे किरणोत्सर्ग केला’ असे वाक्य तयार झाले (ग्रे हे शोषलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक). ते बरोबर आहे का? किरणोत्सर्ग, प्रारण, विकिरण आणि किरणोपचार यांतला कोणता शब्द कुठे वापरायचा? शिवाय ‘फ्रॅक्शन’ला, म्हणजे एकूण मात्रेच्या एका वेळी दिलेल्या भागाला, अंश म्हणायचे की हप्ता, आणि ‘माउस मॉडेल’ला मराठीत काय म्हणायचे?

वाक्य चुकले आहे, आणि ही चूक केवळ शैलीची नाही. ‘उत्सर्ग’ म्हणजे सोडणे, बाहेर टाकणे. किरणोत्सर्ग करतो तो किरण सोडणारा पदार्थ: रेडियम, कोबाल्ट-६०, सीझियम-१३७. ज्याच्यावर किरण पडतात तो काही सोडत नाही, तो ते झेलतो. ‘उंदरांचा किरणोत्सर्ग’ असे लिहिले तर उंदरांच्या अंगातून किरण निघतात असाच अर्थ होतो.

प्रयोगशाळेत हा फरक रोज लागतो. लहान प्राण्यांसाठीची आजची बरीच यंत्रे, उदाहरणार्थ अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विकसित झालेले ‘सार्प’, क्ष-किरण नळीवर चालतात. नळीवरचा विद्युतदाब साधारण २२० किलोव्होल्ट असतो. वीज बंद केली की किरण बंद. यात किरणोत्सर्गी पदार्थच नसतो, म्हणून इथे किरणोत्सर्ग हा शब्द मुळातच लागू नाही. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत सीझियम-१३७ चा स्रोत असतो. तिथे किरणोत्सर्ग आहे, पण तो स्रोताचा. या स्रोताचे अर्धायुष्य (जोर निम्मा व्हायला लागणारा काळ) सुमारे ३० वर्षे, म्हणजे त्याचा जोर वर्षाला २.३ टक्क्यांच्या आसपास घटतो. किती मात्रेसाठी किती मिनिटे किरण द्यायचे याचा पाच वर्षांपूर्वीचा तक्ता तसाच वापरला, तर प्रत्येक उंदराला सुमारे ११ टक्के कमी मात्रा मिळते आणि औषध व किरण यांच्या तुलनेचा निष्कर्ष सरळ बिघडतो.

या दोन्ही यंत्रांतून बाहेर काढलेला उंदीर किरणोत्सर्गी नसतो. त्याला लगेच हातात घेता येते, त्याचा पिंजरा नेहमीसारखा धुता येतो. मात्र ल्युटेशियम-१७७ हा किरणोत्सर्गी समस्थानिक जोडलेले औषध शिरेतून दिले, तर तोच उंदीर खरोखर किरणोत्सर्गी होतो. त्याचे मूत्र, विष्ठा आणि पिंजऱ्यातला भुसा वेगळा ठेवावा लागतो. या समस्थानिकाचे अर्धायुष्य सुमारे ६.६ दिवस आहे, त्यामुळे कचरा काही आठवडे राखून ठेवणे आले. ‘किरणोत्सर्गी उंदीर’ हा शब्दप्रयोग इथे अचूक आहे. तो सरसकट वापरला, तर खरी काळजी कुठे घ्यायची हे वाचकाला कळणारच नाही.

मग बरोबर शब्द कोणता? जे प्रवास करते, म्हणजे ऊर्जा, तिला शास्त्रीय परिभाषेत ‘प्रारण’ म्हणतात. शब्द जड आहे, पण नेमका आहे. ‘विकिरण’ हिंदीतून आणि वृत्तपत्रांतून आपल्या ओळखीचा झाला आहे. लासलगावच्या केंद्रात कांद्यावर आणि आंब्यावर होते त्या क्रियेला ‘विकिरण प्रक्रिया’ म्हणतात, आणि तो वापर आता रुळलेला आहे. माझा आक्षेप एवढाच, की ‘विकिरण’ हा शब्द ‘कॄ’ म्हणजे विखुरणे या धातूवरून आला आहे (विकीर्ण, प्रकीर्ण ही त्याचीच भावंडे). किरणोपचाराच्या भौतिकशास्त्रात किरणांचे विखुरणे ही वेगळी, मोजावी लागणारी घटना आहे. दोन्हींना जवळजवळ एकच शब्द असला की परिच्छेद अडखळतो. म्हणून प्राण्यावर किरण सोडण्याच्या क्रियेला मी ‘किरणन’ म्हणेन, आणि वाक्यात तर साधे ‘किरण दिले’. मराठीत क्रियापद हाताशी असताना नामाच्या मागे लागू नये.

‘किरणोपचार’ हा शब्द गाठ असलेल्या उंदरासाठी चालेल. निरोगी उंदराच्या मेंदूला किरण देऊन स्मरणशक्ती किती घटते हे पाहायचे असेल, तर उपचार कसला? तिथे ‘किरणन’च हवे.

रुग्णांच्या बोलण्यात ‘शेक दिले’, ‘लाईट दिली’ असेही येते. घरगुती बोलण्यात ते ठीक आहे, लेखात नको, कारण ‘शेक’ने उष्णतेची कल्पना येते. १ ग्रे म्हणजे प्रति किलो १ ज्यूल. १० ग्रे दिल्याने पाण्याचे तापमान अंशाच्या सुमारे चारशेव्या भागाने वाढते. २५ ग्रॅमच्या उंदराच्या सर्वांगाला १० ग्रे दिले, तर त्याच्या शरीरात एकूण पाव ज्यूल ऊर्जा शोषली जाते. एवढ्याने काहीच शेकत नाही. तरीही तो उंदीर बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत मरतो, कारण डीएनएच्या दोन्ही धाग्यांना तुटी पडतात आणि अस्थिमज्जा व आतडे यांच्या पेशी विभागणी करू शकत नाहीत. मारतात या तुटी, तापमान नव्हे.

इथे मूळ वाक्यातला दुसरा दोष येतो, आणि तो मला पहिल्यापेक्षा गंभीर वाटतो. ‘उंदरांना १० ग्रे’ म्हणजे कुठे? सर्वांगाला दिले तर नेहमीच्या जातींमध्ये साधारण ७ ते ९ ग्रेच्या टप्प्यात निम्मे उंदीर ३० दिवसांत दगावतात. तेच १० ग्रे मागच्या पायावरच्या ८ मिलिमीटरच्या गाठीपुरते दिले, तर उंदीर पिंजऱ्यात नेहमीसारखा हिंडत राहतो. तुलनेसाठी, कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून ६० ते ९० ग्रे आणि अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किमान ४०० ग्रे देतात. अवयव, क्षेत्राचा आकार आणि किरणांची ऊर्जा सांगितल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही. ऊर्जा का? माणसांसाठीच्या ६ मेगाव्होल्टच्या यंत्रात मात्रेचा कळस त्वचेखाली सुमारे दीड सेंटिमीटरवर येतो, आणि आख्खा उंदीरच दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचा. त्वचेलगतच्या गाठीला कमी मात्रा मिळते. म्हणून कमी ऊर्जेचे किरण वापरतात. पण त्या किरणांत हाड स्नायूपेक्षा बरीच जास्त ऊर्जा शोषते, त्यामुळे गाठ हाडाला चिकटून असली तर हिशेब वेगळा करावा लागतो.

आता फ्रॅक्शन. ‘अंश’ नको. तो गणितातला, शिवाय तापमानाचाही. ‘हप्ता’ आधी बरा वाटतो, पण विदर्भात आणि हिंदीच्या शेजारात हप्ता म्हणजे आठवडा. ‘५ हप्ते किरण दिले’ हे वाचून कोणी पाच आठवडे समजले तर त्याचा काय दोष? दवाखान्यात ‘सिटिंग’ म्हणतात. मला ‘खेप’ पसंत आहे: विटांची खेप, पाण्याची खेप, तशी किरणांची. पण शब्द कोणताही घ्या, ‘प्रत्येकी’ आणि ‘एकूण’ हे दोन्ही आकडे लिहा. ‘५ खेपांत १० ग्रे’ यातून १० ग्रे प्रत्येक खेपेचे की सगळ्यांचे मिळून, हे कळत नाही.

आणि एकूण आकडा सारखा असला तरी परिणाम सारखा नसतो. प्रत्येकी २ ग्रेच्या ५ खेपा आणि १० ग्रेची एकच खेप घ्या. अल्फा-बीटा गुणोत्तर (खेपेच्या आकाराने पेशींवरचा परिणाम किती बदलतो याचे माप) १० असलेल्या गाठीसाठी जैविक परिणामी मात्रा पहिल्या वेळी १० × (१ + २/१०) म्हणजे १२ येते, दुसऱ्या वेळी १० × (१ + १०/१०) म्हणजे २०. पेशींना मधल्या वेळात दुरुस्ती करता येते म्हणून हा फरक पडतो. ‘एकूण १० ग्रे दिले’ एवढेच लिहिणारा लेखक या दोन प्रयोगांना एकच ठरवतो.

‘माउस मॉडेल’ला ‘उंदराचे मॉडेल’ म्हटले की डोळ्यांपुढे प्लास्टिकचा उंदीर येतो. नमुना उंदराचा नाही, माणसाच्या रोगाचा आहे. म्हणून ‘कर्करोगाचे उंदरातले प्रतिरूप’ म्हणा, किंवा सरळ ‘उंदरातले मॉडेल’. विभक्ती बदलली की अर्थ जागेवर येतो. ‘आदर्श’ मात्र टाळा, इथे अनुकरणीय असे काही नाही. ‘उंदीर’ हा शब्दही तपासून घ्यावा: मराठीत माउस आणि रॅट दोघेही उंदीरच, पण एक २५ ग्रॅमचा आणि दुसरा ३०० ग्रॅमचा. घूस हा तिसराच प्राणी. पहिल्या उल्लेखात वजन दिले की गोंधळ मिटतो.

त्याचबरोबर उंदराची जात लिहायलाच हवी. माणसाची गाठ रुजावी म्हणून प्रतिकारशक्ती नसलेले उंदीर वापरतात, आणि अनेक लेखांत त्या सगळ्यांना ‘प्रतिकारहीन’ म्हणून एकाच टोपलीत टाकतात. स्किड उंदरात ज्या जनुकाचा दोष आहे, त्याचेच प्रथिन डीएनएच्या दुहेरी तुटी जोडते. त्यामुळे त्याच्या सगळ्या निरोगी पेशी किरणांना जास्त नाजूक असतात. न्यूड उंदराला थायमस (प्रतिकारपेशी घडवणारी ग्रंथी) नसते, पण दुरुस्तीची ही यंत्रणा शाबूत असते. एकाला सोसणारी मात्रा दुसऱ्याला मारू शकते. किरणांनी प्रतिकारशक्ती जागी होते का, हे पाहायचे असेल तर दोघेही निरुपयोगी. तिथे त्याच जातीच्या उंदराची गाठ त्याच जातीत रोवतात, जसे बाल्ब-सी जातीत सीटी-२६ ही मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची गाठ.

प्रयोगाच्या शेवटासाठी ‘बळी दिला’ हा ‘सॅक्रिफाइस’चा शब्दशः अनुवाद आणि वृत्तपत्री ‘इच्छामरण’ दोन्ही नकोत. इच्छा उंदराची नव्हती. ‘दयामरण’ योग्य आहे, आणि गाठ किती वाढली की ते द्यायचे याची मर्यादा आधीच ठरवून नैतिक समितीकडून मंजूर करून घेतलेली असते, तीही लिहावी.

मूळ वाक्य आता असे होईल: ‘बाल्ब-सी जातीच्या, साधारण २५ ग्रॅमच्या उंदरांच्या मागच्या पायावरील गाठीला २२० किलोव्होल्टचे क्ष-किरण दिले, प्रत्येकी २ ग्रेच्या ५ खेपा, रोज एक, एकूण १० ग्रे. तुलनेच्या गटातील उंदरांना तेवढाच वेळ भूल देऊन यंत्रात ठेवले, पण किरण दिले नाहीत.’