फोनवर "सगळं मस्त" म्हणणं आधी थांबव

टेक्सासमधून एका मुलीने लिहिलंय, माहेर-सासर दोन्ही सोलापूर, नवराबायको आणि दोन मुलं. ती म्हणते, "काकू, यांच्या कंपनीत माणसं काढतायत, आम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, नोकरी गेली तर इथे राहायला ६० दिवस हातात, घराचा हप्ता चालू आहे, तिकडे बाबांची शुगर वाढलेली. रात्री तीनला जाग येते ती परत झोप नाही. रोज देवासमोर बसते, ध्यानाचे व्हिडिओ लावते, स्तोत्रं लावते पण मन कशातच लागत नाही, श्रद्धाच गेली की काय असं वाटायला लागलंय. आईबाबांना यातलं काही सांगितलं नाही, त्यांना उगाच टेन्शन नको."

अगं, तुझं ते शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं, कारण मला वाटतं खरं दुखणं तिथंच आहे, देवाचं आपण नंतर बघू.

तिकडून फोनवर काय दिसतं ते तुला माहितीय, इकडून काय दिसतं ते मी सांगते. माझा मुलगा पण बाहेरच असतो. त्याची नोकरी गेली तेव्हा तीन महिने त्याने सांगितलं नाही, रोज फोनवर "मस्त चाललंय आई". आणि त्याच तीन महिन्यांत त्याच्या बाबांची अँजिओप्लास्टी झाली ती मी त्याला सांगितली नाही, मी पण "मस्त" च म्हणत होते. पण आईला कळतंच की गं, तो हसायचा ते जरा जास्त हसायचा, आणि फोन ठेवला की मी भाकरी थापता थापता थांबायची, तव्यावरची करपायची, काय झालं असेल याचे शंभर विचार. खरं काय ते कळलं त्या रात्री आम्ही दोघं रडलो आणि मग मला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली. खरं माहीत असलं की मनाला कुठंतरी टेकायला जागा मिळते, आणि नसलं की ते नुसतं भिरभिरतं.

तू संक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत काठ्या बघितल्यायस, लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून बघितल्या असशील. सात नंदीध्वज. ती एवढी उंच काठी एक माणूस अंगावर पेलतो, पण कधी त्याचे पाय बघितलेस का? सगळे वर बघतात, मी पाय बघते. तो एका जागी उभा नसतोच, सारखा अर्धं पाऊल इकडे अर्धं तिकडे, वारा आला की गुडघ्यात किंचित वाकणार, परत सरळ होणार. आणि त्याच्या चारी बाजूंनी बाराबंदी घातलेली माणसं हात तयार ठेवून चालत असतात, हा दमला की काठी दुसऱ्याकडे जाते, तो पेलणारा "मी ठीक आहे, तुम्ही जा" असं कुणालाही म्हणत नाही. यात्रेच्या आधी कितीतरी दिवस सराव चाललेला असतो, तेव्हाही हे असंच. मनाचा तोल म्हणतात ना, तो मला असा दिसतो, हलत हलत सांभाळलेला आणि चार माणसांच्या मधे. तू मात्र काठी एकटीने घेतलीयस आणि बाजूची माणसं लांब पाठवलीयस, मग व्हिडिओ लावून काय होणार सांग.

तर या रविवारी आईला फोन कर, तू आणि नवरा दोघं बसून. बातमी नीट सांग, "नोकरीचं जरा डळमळीत आहे, अजून गेलेली नाही, गेली तर आम्ही हे हे करणार आहोत". म्हणजे त्यांना नुसती भीती नाही, पुढचं पण कळेल. आणि मग त्यांना विचार, बाबांची शुगर नक्की किती, रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. ते पण लपवत असणार, मी पैजेवर सांगते.

त्या "हे हे" साठी आधी नवऱ्याबरोबर कागद घेऊन बस. ६० दिवस म्हणजे जास्तीत जास्त ६०, आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत राहायच्या परवानगीची, तारीख त्याआधी संपत असेल तर ती धरायची. त्या मुदतीत दुसऱ्या कंपनीने तुमच्या व्हिसासाठी पिटिशन, म्हणजे अर्ज, फाईल केलं तर चालतं, किंवा स्टेटस बदलायचा अर्ज करता येतो, हे वकिलाला आत्ताच विचारून ठेवा, नोकरी गेल्यावर धावपळीत नको. किती महिन्यांचा खर्च बाजूला आहे तोही आकडा लिहा. रात्री तीनला जो हिशोब डोक्यात फिरतो तो दिवसा कागदावर उतरवला की त्याचा जोर कमी होतो, हे मी स्वतः करून बघितलंय.

आता देवाचं. मन लागत नाही म्हणजे श्रद्धा गेली असं अजिबात नाही गं, घाबरलेलं मन कशातच लागत नाही, जेवणात तरी कुठे लागतं. सिद्धरामांची, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांचीच, गोष्ट आठव. गुरं राखणारा पोरगा, शेतात जंगमाच्या रूपात मल्लय्या, म्हणजे श्रीशैलचा मल्लिकार्जुन, आला, त्याला दहीभात हवा होता म्हणून हा घरी धावला, परत येतो तर तो नाही. मग रडत रडत शोधत श्रीशैलपर्यंत गेला आणि तिथेही सापडेना म्हणून थेट कड्यावर जाऊन उभा राहिला. इतकी निराशा सिद्धरामांना पण आली होती. आणि मल्लिकार्जुन भेटला तेव्हा त्याने सांगितलं काय, तर सोन्नलगीला, म्हणजे आपल्या सोलापूरला, परत जा आणि कामाला लाग. म्हणून हे तळं, ही ६८ लिंगं. मला या गोष्टीत कायम हेच भिडतं की त्यांचं अध्यात्म पुढे हातात कुदळ घेऊन झालं.

म्हणून व्हिडिओ सगळे बंद कर. एकच गोष्ट ठेव, ती हाताने करायची आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून. तुझ्याकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा थंडीत आमच्याकडे सकाळचे साडेसहा, तुम्ही घड्याळं पुढे केली की साडेपाच. तुझी दिवेलागण आणि आईची सकाळची पूजा एकाच वेळेला येते बघ. तेव्हा मुलांना वात लावायला दे, फोन बाजूला उभा करून ठेव, आई तिकडे लावेल तू इकडे, काही बोललं नाही तरी चालेल. आणि मग दहा मिनिटं जप, "ॐ नमः शिवाय" म्हण किंवा तुझ्या घरात जे चालत आलंय ते, पण सावकाश आणि श्वास सोडत सोडत. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, ख्रिस्ती लोकांची माळेवरची प्रार्थना आणि योगातला मंत्र, दोन्ही म्हणताना माणसांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येत होता आणि हृदयाची लय सुधारत होती. आपल्या आज्ज्या माळ ओढायच्या ते उगाच नाही. पहिल्या आठवड्यात मन इकडेतिकडे जाणारच, जाऊ दे, मणी पुढे सरकव.

एक मात्र ऐक. ही जाग दोन आठवड्यांच्या वर चालू असेल, जेवण जात नसेल, किंवा जगण्याचाच कंटाळा आल्यासारखे विचार येत असतील तर जपावर भागवायचं नाही, सरळ डॉक्टरकडे जायचं, आणि तसे विचार आले तर त्याच क्षणी तिकडच्या ९८८ या हेल्पलाइनला फोन नाहीतर मेसेज करायचा. नवऱ्यालाही हा नंबर दे, पुरुष माणसं बोलत नाहीत. इकडे आईबाबांना गरज वाटली तर टेलिमानस ही सरकारची मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलतात.

आणि हो, रविवारी बोलशील तेव्हा आईला हेही सांगून टाक की कडक भाकरी संपली पण शेंगाची चटणी पोरांना तिखट लागते, डबा तसाच पडलाय. ती पुढच्या वेळी तिखट कमी घालून कुटेल.