‘मागचे लायनर अजून पहिलेच आहेत’

गाडीचं दुखणं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दादा, नमस्कार. ओतूरजवळच्या वाडीतून लिहितेय. आमची टोमॅटो आणि कोबीची शेती आहे, घरची पिकअप आहे. गाडी मोठा भाऊ चालवतो, हिशेबाची वही माझ्याकडे असते. हंगामात माळशेज उतरून कल्याणच्या मार्केटला आठवड्याला चार-पाच खेपा होतात. वहीप्रमाणे पुढचे ब्रेक पॅड १४,००० किलोमीटरला बदलले, मग २६,०००ला, मग ३७,०००ला. २६,०००च्या वेळी ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरत होतं, म्हणून दोन्ही डिस्कना लेथवर फेस मारून (वरचा थर घासून सपाट करून) आणला. चार हजार किलोमीटर बरं चाललं, पुन्हा तेच. ३७,०००ला डिस्क नव्याच टाकल्या. आता मीटर ४२,०००वर आहे आणि स्टिअरिंग परत हलतंय. आमचे मिस्त्री म्हणतात डिस्क वाकडी झाली, माल डुप्लिकेट असणार. घाट उतरल्यावर पुढच्या चाकांचा जळका वास येतो, म्हणून भाऊ खाली गाडी थांबवून चाकांवर पाणी मारतो. शंभर कॅरेट भरले की गाडी मागे बसायची, म्हणून पहिल्याच वर्षी दोन्ही बाजूंना एकेक पाटा (स्प्रिंगची पट्टी) वाढवून घेतलाय. समाधान एवढंच की मागचे लायनर (ड्रम ब्रेकमधले घासणारे पट्टे) अजून पहिलेच आहेत, त्यावर एक रुपया खर्च नाही. पुन्हा डिस्क टाकायच्या का?

उत्तर : ताई, डिस्क आत्ता घेऊ नका. पत्र मी दोनदा वाचलं. एवढ्या नीट नोंदी ठेवणारे फार थोडे भेटतात, आणि त्या नोंदींमुळेच गाडी न बघता मला तुम्हाला काही सांगता येतंय.

तुम्ही ज्याला समाधान म्हणताय, त्याच ओळीची मला धास्ती वाटली. मागचे लायनर पुढच्या पॅडपेक्षा जास्त टिकतात, हे खरं आहे. दुप्पट टिकले असते तर मी काही बोललो नसतो. पण पुढे पॅडचे तीन सेट संपले, एक डिस्कची जोडी गेली, आणि मागे भरल्या गाडीच्या ४२,००० किलोमीटरमध्ये हातसुद्धा लावावा लागला नाही? मग मागचे ब्रेक नावालाच लागतायत. शंभर कॅरेटची गाडी माळशेजला पुढची दोन चाकंच थांबवतायत.

त्या दोन चाकांवर काय बेततं ते मोजून बघा. टोमॅटोचं कॅरेट रिकाम्या कॅरेटसकट २२ किलो धरा. शंभर कॅरेटचे २,२०० किलो झाले. रिकामी पिकअप १,७०० किलोच्या आसपास, म्हणजे ३,९०० किलो. घाटमाथ्यावरून खाली कोकणाच्या बाजूला तुम्ही साधारण पाचशे मीटर उतरता. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना जी उष्णता तयार होते, तिच्यात साठेक लिटर पाणी चुलीवरच्यासारखं उकळेल. थोडी वारा आणि टायर खातात. गाडी गिअरमध्ये असेल तर बराच वाटा इंजिन उचलतं. उरलेली सगळी ब्रेकमध्ये. ती चार चाकांत वाटली गेली तर निभतं. दोनच चाकांत कोंडली की जळका वास येणारच, आणि अशा उष्णतेत पॅड दुप्पट-तिप्पट वेगाने झिजतो. तिथे अस्सल माल टाकला तरी तो पुरत नाही.

आता मागचे ब्रेक का लागत नाहीत. मला पहिला संशय त्या वाढवलेल्या पाट्यांचा आहे. भावाला सांगा, गाडीच्या मागच्या बाजूने खाली वाकून बघ. मागच्या अ‍ॅक्सलच्या वर, चासीला एक छोटा व्हॉल्व्ह बसवलेला असतो आणि त्याच्यापासून अ‍ॅक्सलपर्यंत एक सळई किंवा स्प्रिंग गेलेली असते. हा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह, गॅरेजमध्ये त्याला एलएसपीव्ही म्हणतात. बहुतेक पिकअपना तो असतो. गाडीत माल भरला की चासी खाली बसते, चासी आणि अ‍ॅक्सलमधलं अंतर कमी होतं, सळई व्हॉल्व्हचा दांडा फिरवते आणि मागच्या ब्रेकना जास्त प्रेशर जातं. गाडी रिकामी असली की चासी वर उचललेली राहते आणि मागे प्रेशर कमी जातं, कारण रिकाम्या गाडीची मागची चाकं चटकन लॉक होतात.

म्हणजे गाडीत किती वजन आहे हे तो व्हॉल्व्ह फक्त चासी किती बसली त्यावरून ओळखतो. तुम्ही पाटे वाढवून गाडी बसणंच कमी केलंत. आता २,२०० किलो भरले तरी चासी वरच राहते, आणि व्हॉल्व्हला वाटतं गाडीत थोडासाच माल आहे. पाटा वाढवणाऱ्याने हा व्हॉल्व्ह परत सेट केला नाही. कुणीच करत नाही. आळेफाट्याला माझ्या गॅरेजमध्ये पाटे वाढवलेली जेवढी वाहनं येतात, त्यांत सळई जुन्याच मापावर असते, नाहीतर गंजून जाम झालेली असते, नाहीतर तुटून लोंबत असते.

ती सळई तारेने ओढून कायमची ‘फुल लोड’वर बांधून द्या असं कुणी सुचवलं तर कृपा करून ऐकू नका. माल उतरवून रिकामी गाडी पावसात परत घाट चढताना-उतरताना जरा जोरात ब्रेक लागला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी होईल. माळशेजचं पावसाळ्यातलं धुकं आणि ओला रस्ता तुम्हाला मी काय सांगायचा. व्हॉल्व्हची सेटिंग कंपनीच्या वर्कशॉपमध्ये प्रेशर गेज लावूनच करून घ्या, आणि पाटे वाढवलेत हे आधी सांगा. माझं विचाराल तर जादा पाटे काढा, मूळ पाटे थकले असतील तर तेच नवीन घाला.

त्याच वेळी मागचे दोन्ही ड्रम उघडायला लावा. लायनर जाड दिसले म्हणून ‘चांगले आहेत’ म्हणून परत बंद करायचं नाही. त्यावर बोट फिरवा. काचेसारखे गुळगुळीत, चकचकीत लागले तर ते पकड घेत नाहीत. अ‍ॅक्सलचं सील गळून क्राउन ऑइल (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरचं तेल) आत आलं असेल तर ओलसर काळपट थर दिसेल, मग लायनर आणि सील दोन्ही बदला, पेट्रोलने धुऊन परत बसवू नका. अ‍ॅडजस्टर हाताने फिरतो का, व्हील सिलिंडरचे दोन्ही बाजूंचे पिस्टन सरकतात का, हे बघा. हँडब्रेक ओढताना पुष्कळ दाते वाजत वर येत असेल, तर बऱ्याचदा लायनर ड्रमपासून लांब राहिलेत असं समजायचं.

आता त्या ‘वाकड्या’ डिस्कबद्दल. स्टिअरिंग थरथरलं की सगळेच डिस्क वाकडी झाली म्हणतात, मीही वर्षानुवर्षं म्हणायचो. प्रत्यक्षात डिस्क पापडासारखी वळल्याचं क्वचितच सापडतं. बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. फरक किती? एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले दोन भागसुद्धा पायाला आणि हाताला जाणवतात. डोळ्याला दिसत नाही, मायक्रोमीटरने डिस्कच्या कडेने आठ ठिकाणी जाडी मोजावी लागते.

हा फरक कसा पडतो ते तुमच्या वहीत दिसतंय. फेस मारला, चार हजार बरं चाललं. नवी डिस्क टाकली, पाच हजार बरं चाललं. डिस्कच खराब असती तर पहिल्या दिवशीच हलली असती. ती बसवताना जरा तिरकी बसली की दर फेऱ्याला तिचा एकच भाग पॅडला घासून जातो, ब्रेक न दाबतासुद्धा. हजारो किलोमीटर तो भाग तसा घासत राहतो, मग जाडी कमीजास्त होते आणि थरथर सुरू होते.

तिरकी का बसते, याचा एक अनुभव सांगतो. गेल्या पावसाळ्यानंतर एक पिकअप आली, तक्रार तुमचीच, डिस्क दोनदा बदललेल्या. मी डिस्क हबवर घट्ट बसवून डायल गेज लावला आणि चाक हाताने फिरवलं. काटा ०.१४ मिलिमीटर हलला. डिस्क काढली. हबच्या तोंडावर, एका बोल्टच्या मुळाशी, मसुराच्या डाळीएवढा गंजाचा पापुद्रा चिकटला होता. तारेच्या ब्रशने आणि एमरी पेपरने हब पांढरा होईपर्यंत घासला, तीच डिस्क परत बसवली. काटा ०.०४वर आला. हबवर पापुद्रा एवढासा असला, तरी डिस्कच्या कडेला त्याचा फरक वाढून दिसतो. दोन नव्या डिस्कचे पैसे त्या माणसाने एका पापुद्र्यापायी घालवले होते. डिस्क काढली की हब घासल्याशिवाय दुसरी चढवायची नाही, हा माझ्या गॅरेजचा नियम त्याच्याही आधीपासूनचा आहे, कारण तरुणपणी मी स्वतः हब न घासता डिस्क बसवून गिऱ्हाइकं परत आलेली बघितली आहेत. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

चाकाचे नटही तसेच. पंक्चरवाला एअर गनने एका बाजूचे नट आवळून टाकतो, किंवा पान्याला पाइप लावून त्यावर उभा राहतो. त्यानेही डिस्क ताणली जाते. नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे, शेवटी टॉर्क पाना.

तुमच्या ४२,०००च्या डिस्कची जाडी मोजा. काठावर किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते. त्याच्यावर पुरेशी शिल्लक असेल तर हलका फेस मारून, हब घासून, गेज लावून परत बसवता येतील. कमी असेल तर नव्याच घ्या, कारण पातळ डिस्क लवकर तापते. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना हाताने सरकतात का तेही बघायला सांगा. आतला पॅड झिजलाय आणि बाहेरचा जाड आहे असं दिसलं तर पिना किंवा पिस्टन अडकलाय. पिनांना ब्रेकचंच ग्रीस लावायचं. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिना पुन्हा जाम होतात.

पाणी मारणं आजपासून बंद. लालबुंद तव्यावर पाणी ओतल्यासारखं आहे ते. बिडाच्या लोखंडाला त्याने बारीक तडे जातात, आणि पाणी एकाच बाजूला पडलं की डिस्क एकीकडे आक्रसते. घाट संपला की लगेच थांबूसुद्धा नका. तीन-चार किलोमीटर सावकाश, ब्रेक न दाबता गाडी चालू ठेवा, वाऱ्याने चाकं निवतात. थांबायचंच झालं तर ब्रेकवर पाय दाबून उभं राहू नका, तापलेल्या पॅडचा थर त्या एका जागी डिस्कवर उमटतो. गिअर टाका, चाकाला दगड लावा. निघताना तो दगड आठवणीने बाजूला करा. घाटात रस्त्यावर राहिलेल्या दगडांनी रात्री दुचाकीवाल्यांचे जीव जातात.

भाऊ न्यूट्रलमध्ये उतरवतो का, हे तुम्ही लिहिलं नाही. विचारा. डिझेल वाचतं म्हणून खूप जण तसं करतात. आताच्या कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असून रेसवरून पाय काढला की इंजिनला डिझेल जाणंच थांबतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळत राहतं. म्हणजे बचतही गिअरमध्येच आहे. ज्या गिअरमध्ये भरली गाडी घाट चढेल, त्याच गिअरमध्ये ती उतरवायची, दुसरा नाहीतर तिसरा. ब्रेक सतत हलका घासत ठेवायचा नाही. नीट दाबून वेग कमी करायचा आणि पाय पूर्ण काढायचा.

आणि शंभर कॅरेट. आरसी बुकावर गाडीचं पासिंग, म्हणजे किती वजनाला परवानगी आहे, ते बघा. टोमॅटोचा भाव पडला की एका खेपेत जास्त माल न्यावासा वाटतो, मला समजतं, माझ्याही घरी शेती आहे. पण तुमचा भाऊ त्या गाडीत बसतो. सत्तरवर आणा. पुढच्या हंगामात वहीत मागच्या लायनरचा खर्च लिहावा लागला, तर मला कळवा, मला बरं वाटेल.

प्रश्न : कराडहून चिपळूणला कुंभार्ली घाट उतरलो की शेवटच्या वळणांना ब्रेक पॅडल खाली जातं, दोन-तीनदा मारलं की येतं. तासाभराने सगळं ठीक. गॅरेजमध्ये नेलं तर दोष सापडत नाही.

उत्तर : दादा, गॅरेजमध्ये गाडी थंड असते म्हणून सापडत नाही. तुमचं ब्रेक ऑइल उकळतंय. ते हवेतली ओल शोषून घेतं, कोकणात तर जास्तच. डॉट ४चं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरलेलं १५५च्या पुढे केव्हाही उकळू शकतं. उकळलं की नळ्यांमध्ये वाफ होते आणि पॅडल त्या वाफेलाच दाबत बसतं. ऑइल वरून टॉप-अप करून भागणार नाही. सगळं काढून नवीन भरा, चारही चाकांची एअर काढा, आणि यापुढे दर दोन वर्षांनी बदला. डब्याच्या झाकणावर डॉटचा जो नंबर लिहिलाय तोच घ्या. बाटली तुमच्यासमोर सील तोडून उघडायला लावा. गॅरेजच्या फळीवर महिनाभर उघडी राहिलेल्या बाटलीतल्या ऑइलनेही ओल धरलेली असते. हे काम होईपर्यंत भरली गाडी कुंभार्लीत घालू नका.