फ्लॅट दोघांच्या नावावर, घटस्फोटाच्या कागदात काय लिहायचं?

प्रश्न: आम्ही परस्पर संमतीने वेगळं होतोय. ठाण्यातला फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, होमलोन चालू आहे, हे म्हणतात 'तू घर ठेव, मी नाव काढतो'. 500च्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतलं तर चालेल ना?

उत्तर: नाही ताई, नुसत्या नोटरीने घर तुमच्या एकटीच्या नावावर होत नाही, आणि घटस्फोट तर त्याने अजिबातच होत नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम 13ब आहे ना, त्याखाली फॅमिली कोर्टात अर्ज करायचा (वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं) आणि जे काही ठरलंय ते सगळं कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी मान्य केलेल्या अटींच्या कागदात) लिहून कोर्टासमोर ठेवायचं. पण खरी गोम लोनमध्ये आहे. तुमच्या दोघांत काहीही ठरू दे, बँकेला त्याचं काही देणंघेणं नसतं, हप्ता थकला की ती दोघांच्याही मागे लागणार, म्हणून आधी बँकेत जाऊन लोन तुमच्या एकटीच्या पगारावर बसतंय का ते विचारा आणि एनओसी (ना-हरकत पत्र) लेखी घ्या. मग नवऱ्याच्या हिश्श्याचं बक्षीसपत्र (मोबदला न घेता हिस्सा देण्याचा दस्त) सबरजिस्ट्रारकडे रजिस्टर करा, तेही डिक्रीच्या (कोर्टाच्या घटस्फोटाच्या हुकमाच्या) आधी, कारण नवराबायको असेपर्यंत राहत्या घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मूळ स्टॅम्प ड्युटी 200 रुपयेच आहे (स्थानिक अधिभार वेगळा लागू शकतो), नंतर ती सवलत गेली. बदल्यात पोटगी सोडत असाल तर मात्र तो व्यवहार बक्षीस धरतील का, हे वकिलाला दाखवूनच ड्राफ्ट करा.

कन्सेंट टर्म्समध्ये दागिने 'सर्व परत मिळाले' असं मोघम नको, पाटल्या, मंगळसूत्र, वजनासकट लिहा. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि नॉमिनेशनही बदलून घ्या, ते हमखास राहतं.