वाचकांचे प्रश्न : प्रोग्रॅम चालतो, बेरीज चुकते

प्रश्न : १००० पेक्षा लहान, ३ किंवा ५ ने भाग जाणाऱ्या सगळ्या संख्यांची बेरीज पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत करतो आहे. उत्तर २६६३३३ येतं, हवं २३३१६८. दहाच्या आतल्या संख्यांची बेरीज मात्र २३ अशी बरोबर येते. मग पुढे बिघडतं कुठे?

उत्तर : तुम्ही बहुधा ३ साठी एक आणि ५ साठी एक असे दोन सुटे 'इफ' (म्हणजे 'जर'च्या अटी) लिहिले आहेत. १५, ३०, ४५ या संख्या दोन्हींत बसतात, म्हणून दोनदा मिळवल्या जातात. हजाराच्या आतल्या १५ च्या पटींची बेरीज ३३१६५ होते. तेवढी तुमच्या उत्तरातून वजा करून पाहा, हिशेब जुळेल.

दोन्ही अटी 'ऑर'ने (म्हणजे 'किंवा'ने) जोडा आणि 'इफ' एकच ठेवा. जोडताना 'बाकी शून्य' ही तुलना दोन्ही बाजूंना पूर्ण लिहा. पहिल्या बाजूला ती राहून गेली तरी पायथॉन तक्रार करत नाही. शून्य नसलेली कोणतीही बाकी तो 'खरं' धरतो आणि १, २, ४, ७ सुद्धा बेरजेत घुसतात. दहाच्या आतलं उत्तर २७ आलं, तर हेच झालंय असं समजा.

तुमची चाचणी फसली, कारण दहाच्या आत दोघांची सामाईक पट येतच नाही. पहिली येते ती १५. चाचणी लहान असावी, पण अडचणीची जागा तिच्यात यायला हवी. २० च्या आतल्या संख्या कागदावर मांडा : ३, ५, ६, ९, १०, १२, १५, १८. बेरीज ७८. तुमचा प्रोग्रॅम ९३ सांगेल.

आणि कधी २३४१६८ आलं, तर १००० ही संख्याच मोजली गेली आहे. 'रेंज'मध्ये, म्हणजे कुठून कुठपर्यंत मोजायचं ते सांगताना, दिलेला शेवटचा आकडा घेतला जात नाही, त्यामुळे तिथे १००० च लिहायचं, १००१ नाही.

प्रश्न : संख्या मूळ आहे का हे तपासताना माझा प्रोग्रॅम २५ आणि ४९ यांनाही मूळ ठरवतो.

उत्तर : वर्गमूळापर्यंतच भाग देऊन पाहता, हे उत्तमच. १०,००,००३ साठी दहा लाखांऐवजी हजारभर भागाकारांत काम होतं. पण तुमचं लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा भाग) वर्गमूळाच्या एक पाऊल आधी थांबतंय, त्यामुळे २५ ला ५ ने भाग देऊन पाहिलंच जात नाही. वर्गमूळ काढण्यापेक्षा 'भाजक गुणिले भाजक हे संख्येइतकं किंवा कमी असेपर्यंत' अशी अट घाला. १ ला मात्र आधीच बाजूला काढा, नाहीतर तोही मूळ ठरेल.

प्रश्न : ०.१ दहा वेळा मिळवूनही १ होत नाही, लूप थांबतच नाही!

उत्तर : संगणक ०.१ दोनच्या पायात, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांत, साठवतो आणि तिथे तो नेमका बसत नाही. दहा बेरजांनंतर ०.९९९९९९९९९९९९९९९९ उरतं. लूप १ ते १० पूर्णांकांत चालवा आणि दहाने भागणं लूपच्या आत करा.